वर थंड का खाले

एप्रिल. पारोळा चौफुलीवर डांबर चपलेला चिकटतंय.
दुकानात चार रेडिएटर भिंतीला टेकून उभे,
शाळेत उभं केलेल्या पोरांसारखे.
पाचवा माझ्या पुढ्यात, शिरपूरच्या ट्रॅक्टरचा,
पोटात बोअरच्या पाण्याचा चुना.

तेवढ्यात हिलालच्या चेतनाचा व्हिडिओ कॉल.
अंगात स्वेटर, वर शाल, नाक लाल.
जर्मनीत म्हाताऱ्यांच्या दवाखान्यात नर्स आहे,
गावाचं नाव माझ्या जिभेवर अजून बसलेलं नाही.
म्हणाली, काका, खोली तापतच नाही,
बाहेर बर्फ, घरमालक सुट्टीवर,
आणि तुम्ही रेडिएटरवाले ना?

तीस वर्षं मी इंजिनाची आग उतरवतोय, पोरी,
आग लावायचा धंदा माझा नाही.

तिनं फोन फिरवला.
खिडकीखाली पांढरा पत्रा, उभ्या पन्हळी,
कडेला नळी, नळीवर मूठ, मुठीवर आकडे.
पंखा नाही, बेल्ट नाही, आवाज नाही.
तरी ओळखला मी त्याला.
आतून पाणी जातं, बाहेर ऊब पडते,
ह्याचंही काम देऊन टाकायचंच.
इथं ती कुणाला नको,
तिथं महिन्याच्या बिलात येते.

हात लाव, म्हटलं.
बोटं नको, बोटं खोटं बोलतात. पुरा तळहात.
वर थंड शे का खाले?
वर, काका. खाले ऊन शे.
मंग हवा शे.
हवा हलकी. जागा मिळाली की माथ्यावर चढून बसते
आणि पाण्याला वर येऊ देत नाही.
आपल्या ग्रामपंचायतीत आहेत तसे दोघे-तिघे.

आधी मूठ शून्यावर आण. निवू दे.
घाई केली की काय होतं ते हे बघ,
मी कोपरावरचा जुना डाग कॅमेऱ्याला दाखवला.
आता किल्ली शोध, छोटी,
घड्याळाला चावी द्यायची तसली.
स्वयंपाकघराच्या खणात सापडली, मेणबत्त्यांखाली.
फडकं धर. पाव फेरा. जास्त नाही.

सूंऽऽऽ

त्या परक्या खोलीत कधीचा अडकलेला श्वास
धुळ्यात माझ्या दुकानात सुटला.
मोहसीन टाकी घासायचा थांबला, ऐकत राहिला.
मग बुडबुडे, मग थुंकी, मग फडक्यावर
काळं पाणी.
बंद कर, बंद कर!

अर्ध्या तासानं पुन्हा फोन.
काका, वर चटका लागतोय!
आणि खाली?
ती जमिनीवर बसली, हात फिरवत गेली,
कडेला ऊन, इकडच्या कडेला ऊन, मधे
गप्प झाली.
मधे थंड शे. ताटाएवढं.

मला ते काळ्या पाण्यावरूनच कळलं होतं.
गाळ आहे तो. लोखंडच झिजून झिजून तळाला बसलेलं,
तुझ्याआधी तिथं राहून गेलेल्यांच्या
सगळ्या हिवाळ्यांचं.
फोनवरून निघत नाही.
उतरवून, उलटा धरून धुवावा लागतो.
मालक आला की सांग, तोवर खाट कडेला सरकव.

बरं, म्हणाली. शाल काढली नव्हती.
बा कसा शे?
ऊन शे, म्हटलं, आठे भलतं ऊन शे.
हिलालच्या गुडघ्याचं मी काढलं नाही.

दुपारी इंदूरकडचा एक ट्रक आला, तापतोय म्हणून.
इंजिन चालूच ठेवायला लावलं
आणि जाळीवर हात फिरवला.
चटका. चटका. चटका.
डाव्या अंगाला, तळाशी, एकदम गार,
ताटाएवढंच.
ड्रायव्हर विचारतो, उस्ताद, काय झालंय?
सांगतो, म्हटलं.
त्रेचाळीस अंश होते.
बिघाड सापडला होता,
तरी हात तिथंच राहू दिला थोडा वेळ.